गीताबाईनं जुळवलेलं नाटक

मी टेकचंद, करडी गावचा लाउडस्पीकरवाला. पंचवीस वर्षं झाली, लगन असो का मंडईची जत्रा, आवाज माह्याच भोंग्यातून निघते. अन् माह्या बायकोले, गीताबाईले, कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. हसा, हसा. सारा गाव हासून चुकला, तुमी कायले मागं राहता!

ती जन्माची बहिरी नाही. लग्नानंतर सातव्या वर्षी मोठा ताप आला अन् कान घेऊन गेला. पण तिचं माहेर कोष्ट्याचं. एका खोलीत चार माग खटखट वाजाचे, त्यात कोणाचं बोलणं ऐकू येणार? तिची आई अन् मावश्या नुसते ओठ हलवून साऱ्या मोहल्ल्याची उणीदुणी काढाच्या. ही पोरगी मागाच्या धोट्याले हात लावाच्या आधीच ते ओठ वाचाले शिकली. मले तिच्यावर कुरकुर कराची असली तर तोंड भिंतीकडं करा लागते. तरी गाल हलले की ओळखते, बाप्पा!

आता गेल्या मंडईची गोष्ट सांगतो. दिवाळीनंतर आमच्या गावात नाटक झालं. त्यात बापाचं काम मनिरामभाऊचं. जातीचा ढिवर, दिवसभर तलावात जाळं टाकणारा माणूस. पण स्टेजवर उभा राहिला की मागच्या रांगेले माईक लागत नसे. मंडळानं पहिल्यांदाच नाटकाचं शूटिंग कराचं ठरवलं. कॅमेरा साकोलीच्या कुंदनचा, जो लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करते. आवाज मात्र माह्या मशीनवरून पेनड्राइव्हमध्ये घ्याचा.

तिथं मी जास्तीची हुशारी केली. कॅमेऱ्यातही आवाज चोख यावा म्हणून माह्या मशीनची एक वायर त्याले जोडून देल्ली. वायर जोडली की कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक बंद पडते, हे मले ठाऊक नव्हतं. अन् वायर होती आतून तुटलेली. झालं! तीन तासांचं चित्र मुकं. वरून दोनदा लाइट गेली, तर पेनड्राइव्हमधल्या आवाजाचे तीन तुकडे.

कुंदन लग्नसराईत गुंतला अन् काम तसंच पडलं. तेवढ्यात मनिरामभाऊच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरले ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. बोलायले जाते तर नुसते ओठ हलतात. दुसरीच्या पुढं शिकला नाही, तर लिहून तरी काय सांगणार? तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळून घरात बसला. तलावावर जाणं बंद, चावडीवर येणं बंद. मंडळानं दवंडी देल्ली की रामनवमीले शाळेच्या पटांगणात नाटक पडद्यावर दाखवू अन् मनिरामभाऊले पहिल्या खुर्चीवर बसवू. त्या माणसाचा आवाज साऱ्या दुनियेत आता एकाच ठिकाणी होता, माह्या पेनड्राइव्हमध्ये. माहा जीव टांगणीले लागला.

साकोलीले गेलो. गीताबाईले बाजार कराचा होता, तर तीही संगं आली. कुंदननं पेनड्राइव्ह लावला अन् मनिरामभाऊ उंदरावानी चिरकला! मी कपाळावर हात मारला.

"काका, घाबरू नका," कुंदन म्हणाला. "तुमच्या मशीननं सेकंदाचे चव्वेचाळीस हजार तुकडे पाडले, माह्या कॉम्प्युटरनं अठ्ठेचाळीस हजार धरले. म्हणून आवाज पळून राहिला." त्यानं ते आकडे सारखे केले. भाऊचा भारदस्त आवाज खोलीत घुमला.

पण तो आवाज ओठावर बसवाचा कसा? नेहमी कॅमेऱ्यातल्या आवाजाशी बाहेरचा आवाज जुळवतात. इथं कॅमेरा मुका. कुंदननं अंदाजानं लावून पाह्यलं, तर नायिकेच्या तोंडून मनिरामभाऊ गरजला. थप्पड आधी वाजे, हात मंग उठे. एका जागी जमवलं तरी दहा मिनिटांत पुन्हा सरके.

"एखादा शब्द नेमका कुठं आहे हे समजलं असतं तर," कुंदन आमच्याकडं वळून वैतागला.

मागं बाकावर पिशवी घेऊन बसलेली गीताबाई पडद्याकडं बोट करून म्हणाली, "आता तो म्हणाला, 'पोरी, बापाले इसरू नको.' पहिल्यांदा ओठ मिटले, तिथं 'पोरी'चा प."

कुंदननं चित्र थांबवलं, आवाजात तेच वाक्य शोधलं, 'प'ले 'प' लावला अन् चालवलं. काय सांगू! मनिरामभाऊ डोळ्यापुढं जिता बोलाले लागला.

"काकू," कुंदन हात जोडून म्हणाला, "उद्या या."

चार दिवस आम्ही बसनं साकोलीच्या वाऱ्या केल्या. प, ब, म आला की ओठ मिटतात, तिथं ती "हं!" म्हणे अन् कुंदन बटन दाबे. मी पंचवीस वर्षांचा आवाजवाला. मले त्या दोघांनी वायरी गुंडाळाले बसवलं.

रामनवमीले पटांगण भरलं. मनिरामभाऊ आपल्याच आवाजाकडं टक लावून बसला होता. नाटक संपलं तेव्हा दुपट्टा गळ्यात उतरला होता अन् तो बायकोकडं, शकुनकडं, वळून ओठ हलवून राहिला होता.

"काय म्हणता जी? मले नाही समजत," शकुन रडकुंडीले आली.

गीताबाई उठली. तिले आपल्या आवाजाचा अंदाज नसते, तर भोंग्याबिगर साऱ्या पटांगणात ऐकू गेलं. "तो म्हणते, माहा आवाज इतका मोठा होता काय, का या टेकचंद्यानं वाढवला?"

लोक हासून हासून लोळले. मनिरामभाऊनं तिचा हात धरला, पुन्हा ओठ हलवले.

"अन् म्हणते, शकुन, भाजीत मीठ कमी टाकत जा. तीन महिन्यांपासून सांगून राहिलो."

शकुन हासली अन् तिथंच पदर तोंडाले लावून रडली. मीही रडलो, लपवत नाही.

आता मनिरामभाऊ रोज सांजेले आमच्या ओसरीवर येते. गीताबाईही त्याच्यासंगं नुसत्या ओठानं बोलते, माहेरच्यावानी; ओठ वाचाले तिनंच त्याले शिकवलं. दोघं तासभर गप्पा मारतात, खदखदा हासतात, मले एक अक्षर ऐकू येत नाही. काय चाललं म्हणून विचारलं तर गीताबाई म्हणते, "तुमच्याबद्दलच बोलून राहिलो. तुमी चाय मांडा."