सेडीची चार शून्यं

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात घानाने आपल्या चलनातली चार शून्यं काढून टाकली. दहा हजार जुन्या सेडींची एक नवी सेडी झाली. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरात या बातमीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं, पण माझी नोकरी सेडीशी बांधलेली होती.

ह्यूस्टनमध्ये तेलविहिरींना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत मी अकाउंट्सची सिस्टिम सांभाळायचे. कंपनीचं मोठं ऑफिस नायजेरियात, लागोसला होतं आणि छोटं घानात, आक्राला. आक्राच्या खर्चाचे पैसे लागोसहून जायचे. लागोसवाले ते नायरात, म्हणजे नायजेरियाच्या चलनात लिहायचे, आक्रावाले सेडीत. दोन्हीचा मेळ बसावा म्हणून एका नायराला किती सेडी, याचे कित्येक वर्षांचे रोजचे दर सिस्टिममध्ये साठवलेले होते.

आक्राच्या कॅशियरबाईंना मी फक्त आवाजाने ओळखत होते. महिनाअखेरीला, माझी सकाळ आणि त्यांची दुपार, अशा वेळी आम्ही फोनवर हिशेब जुळवायचो. मी त्यांना आंटी म्हणायचे, कारण तिकडे सगळेच तसं म्हणत. नवरा गेल्यावर त्यांनी त्याच पगारावर तीन मुली शिकवल्या होत्या. माझ्या लेकीला ताप आला होता तेव्हा हिशेब बाजूला ठेवून त्यांनी आधी तिची चौकशी केली होती.

नव्या नोटा आल्यानंतरचा पहिलाच रिपोर्ट निघाला आणि आक्राच्या खात्यात शंभरातले जवळजवळ तीस कमी दिसले. लागोसहून पैसे निघाले होते, आक्रात तेवढे पोचले नव्हते. शुक्रवारी सकाळी साहेब माझ्या टेबलापाशी आला. टेक्सासचाच, मनाने वाईट नव्हता.

"ऑडिटर सोमवारी आक्राला जातोय," तो म्हणाला. "तोपर्यंत कॅशियरला घरी बसायला सांगितलंय. आज संध्याकाळी ती तिजोरीच्या चाव्या देईल."

"पण त्या इतकी वर्षं तिथे आहेत," मी म्हटलं.

"मलाही पटत नाहीये. पण आकडे समोर आहेत."

तो गेल्यावर मी आक्राला फोन लावला. आंटी अजून ऑफिसातच होत्या. आवाज बसलेला.

"मी काही घेतलेलं नाही, माय डॉटर."

"माहीत आहे मला. आंटी, आपण एकच रक्कम घेऊ या. लागोसहून आलेली शेवटची. बँकेने कोणता दर लावलाय, वाचून दाखवाल?"

कागदांची सळसळ ऐकू आली. मग त्या सावकाश म्हणाल्या, "पॉइंट, झिरो, झिरो, सेव्हन…"

"थांबा. पॉइंटनंतर दोन झिरो?"

"दोन. मग सात."

माझ्या स्क्रीनवर पॉइंटनंतर एकच शून्य होतं, आणि मग एक. मी मागचे दर उघडून पाहिले. जूनपर्यंत एका नायराला सत्तरच्या आसपास सेडी मिळत होत्या. त्या काळी कुणीतरी या रकान्यात दशांशानंतर दोनच घरं ठेवली होती, आणि तेवढी पुरतही होती. आता चार शून्यं गेल्यावर दर इतका बारीक झाला की सिस्टिमने तो वर ओढून दोन घरांत बसवला. सातचे दहा केले. म्हणजे आक्रात जेवढे पैसे कधी जाणारच नव्हते, तेवढे तिथे असायला हवेत असं सिस्टिम म्हणत होती.

"आंटी, पैसे कुठेच गेलेले नाहीत," मी म्हटलं. "पैसे सगळे जागेवर आहेत."

पलीकडे त्यांनी नाक ओढलं, आणि कुणाला तरी त्यांच्या भाषेत मोठ्याने काहीतरी सांगितलं. तिकडे एकदम गलका उठला.

मी धावतच साहेबाच्या केबिनमध्ये गेले. त्याच्यासमोरच रकान्याची घरं वाढवून, दर पुन्हा भरून रिपोर्ट काढला, तेव्हा फरक नाहीसा झाला. साहेब खुर्चीत मागे रेलला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "ऑडिटरची फ्लाइट कॅन्सल करा," त्याने बाहेर सांगितलं. मग आक्राला फोन त्याने स्वतः केला. मी दाराशी उभी होते. कसलंही स्पष्टीकरण त्याने दिलं नाही, सरळ म्हणाला, "आय ॲम सॉरी, मॅडम. सोमवारी या. चाव्या तुमच्याजवळच राहू द्या."

संध्याकाळी हायवेवर नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलं होतं आणि बाहेर वाफेसारखा उकाडा होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. घरी लेक म्हणाली, "आई, व्हाय आर यू स्मायलिंग?" मी तिला जवळ ओढलं आणि फोडणीचा भात टाकला. नवरा म्हणाला, किती दिवसांनी तू जेवताना बोलत्येस.

पुढचे काही आठवडे मी जुने दर दहा हजारांनी भागत बसले, म्हणजे नायरा आणि सेडीची सगळी वर्षं एका रेषेत यावीत. रोज तेच काम, पण कंटाळा म्हणून आला नाही. आंटी अधूनमधून फोन करायच्या. बाजारात अजून सगळे जुन्या हजारांतच भाव सांगतात म्हणायच्या. टोमॅटोवालीने पंधरा हजार मागितले की या दीड सेडी पुढे करायच्या, आणि मग दोघी हसत सुटायच्या.