सोबत कोण होतं?

डेल्बर्ट योकम दर जानेवारीत माझ्या दुकानात यायचा, हॅट न काढता बसायचा आणि तासभर काही उठायचा नाही. रेल्वेतून निवृत्त झालेला, चौऱ्याहत्तर वर्षांचा, हात असे की पत्ते धरले तर पत्ते दिसायचेच नाहीत. स्पार्क्स गावात कपडे धुवायच्या दुकानाला लागून माझं टॅक्सचं दुकान आहे, पाटीवर माझं नाव, मायते. पस्तीस वर्षं मी इथल्या लोकांचे रिटर्न भरते आहे, आणि सांगते, पोकर खेळणाऱ्यांसारखी खोटं बोलणारी माणसं शोधून सापडायची नाहीत. जिंकलं तर गावभर दवंडी, हरलं तर बायकोलाही पत्ता नाही.

डेल्बर्टला ती सोय नव्हती. त्याची बायको आर्डिथ त्याच्या डाव्या हाताला बसून स्वतःच खेळायची. दर मंगळवारी दोघं कॅसिनोत जायची, कारण त्या दिवशी म्हाताऱ्यांना जेवण अर्ध्या किमतीत मिळतं. चार डॉलर, आठ डॉलर लावायचे, दुपारी मांसाचं सूप प्यायचं, पुन्हा बसायचं. ती हरली की म्हणायची, "याच्याकडे बघून बघून माझं नशीब झोपलं." तो जिंकला की म्हणायची, "माझ्या पैशानं जिंकलास."

हिशेबाची वही तिनंच सुरू केली, आणि तीही माझ्या बोलण्यावरून. मी तिला दटावलं होतं, "बाई गं, जिंकलेला डॉलर न् डॉलर सरकार उत्पन्नात धरतं. हरलेलं धरतं ते जिंकल्याच्या आकड्यापर्यंतच, आणि तेही सगळ्यांना मिळते त्या ठोक वजावटीवर पाणी सोडलंत तरच. वर पुरावा लागतो. रोजची नोंद ठेवा. तारीख, कुठलं टेबल, किती घेऊन बसलात, किती घेऊन उठलात, आणि सोबत कोण होतं."

"सोबत कोण होतं ते सरकारला कशाला हवं?"

"साक्षीला."

"म्हणजे मी याची साक्षीदार?" आर्डिथ खो खो हसली. "अगं मायते, बेचाळीस वर्षं दुसरं काय करतेय मी?"

मग तिनं पट्टी घेऊन रकाने आखले. तिच्या वहीत सोबत कोण तर डेल्बर्ट, त्याच्या वहीत आर्डिथ.

एका नोव्हेंबरात ती गेली. न्यूमोनियाचं निमित्त झालं, आठ दिवसांत आटोपलं. मी तिच्यासाठी कोकराचं कालवण घेऊन गेले होते, ते तसंच परत आणलं. पुढच्या फेब्रुवारीत ज्येष्ठांची मोठी स्पर्धा झाली आणि डेल्बर्ट त्यात अठ्ठावन्न हजार डॉलर जिंकला. उभ्या जन्मात एवढा पैसा त्यानं एकरकमी पाहिला नव्हता. पत्ते वाटणारी नोरीन मला सांगत होती, शेवटचा पत्ता उघडला तसा तो आधी डावीकडे वळला.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. मोठ्या टेबलावर बसायला लागला. आणि मोठ्या टेबलावर डेल्बर्टसारख्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं. डिसेंबरपर्यंत हरलेल्या दिवसांची बेरीज बावन्न हजारांवर गेली. मी त्याला घालूनपाडून बोलले, "अरे, पैसे उतू चाललेत का तुला?" तर म्हणाला, "घरी चार वाजतच नाहीत गं."

जानेवारीत त्यानं वही आणून ठेवली. मी आकडे पाहिले, बेरजा केल्या, खेळायला बसताना दाखवायच्या कॅसिनोच्या कार्डाच्या नोंदींशी ताळा लावला, रिटर्न भरून टाकला. आकड्यांचे रकाने पाहिले, बाकी नाही पाहिलं. जगाला सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

उन्हाळ्यात टॅक्स खात्यानं पुराव्याला वहीची प्रत मागवली, मी तीही न वाचताच पाठवली, आणि ऑक्टोबरात त्यांचं पत्र आलं. तुमच्या रिटर्नच्या पहिल्या पानावर पत्नी आदल्या वर्षी वारल्याची नोंद आहे, आणि तुमच्या वहीत दोनशे अकरा दिवस तीच पत्नी सोबत असल्याचं लिहिलं आहे. वही विश्वासार्ह का मानावी, याचा समक्ष येऊन खुलासा करा.

मी पत्र बाजूला ठेवलं आणि कागदावर हिशेब मांडला. वही खोटी ठरली तर बावन्न हजारांची वजावट गेली, आणि आठ हजारांच्या वर टॅक्स. डेल्बर्टकडे विकण्यासारखं एकच होतं, ते गाडीला जोडायचं फिरतं घर. दर उन्हाळ्यात दोघं ते घेऊन तळ्यावर जायची. आर्डिथनं शिवलेले पिवळे पडदे अजून त्याला आहेत.

मी त्याला बोलावून घेतलं. "हे काय लिहून ठेवलंस रे? दोनशे अकरा वेळा?"

त्यानं वही सरळ केली. "तिनं रकाना आखलाय. सोबत कोण, असं विचारलंय."

"मग 'कोणी नाही' लिहायचं!"

"लिहायला घेतलं होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी. हातच चालेना."

मी चडफडत उठले आणि कॉफी करायला आत गेले. तिथं नळ सोडून जरा वेळ उभी राहिले.

"मी नवीन वही लिहून काढू का?" त्यानं विचारलं.

"खबरदार! एका बैठकीत एका पेनानं लिहिलेली वही त्यांना लांबून ओळखू येते. मग तू खरोखरचा खोटा. तिथं सरळ सांगायचं, ती नव्हती म्हणून. तेवढं एक वाक्य बोल माझ्या बापा, आणि फिरतं घर वाचव."

शेजारच्या रीनोतल्या टॅक्स कचेरीत लडविक नावाची अधिकारी होती. माझ्या मुलीच्या वयाची, केस घट्ट बांधलेले. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण बाई सरळ निघाली. तिनं बँकेच्या चिठ्ठ्या पाहिल्या, कार्डाच्या नोंदी पाहिल्या, दिवस मोजले.

"मिस्टर योकम, आकडे सगळे जुळतात," ती म्हणाली. "अडचण या नावाची आहे. या दिवसांत पत्नी सोबत नव्हती, असं एका ओळीत लिहून सही करा. मी वही मान्य करते."

तिनं कागद पुढे सरकवला. डेल्बर्टनं हॅट काढली. पस्तीस वर्षांत मी त्याचं डोकं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. मी टेबलाखालून पाय मारला.

"एका ओळीत नाही बसायचं," तो म्हणाला.

"मोठी जागा हवी का?"

"तसं नाही मॅडम. ती एकदा नव्हती असं नाही झालं. ती रोज नव्हती." त्यानं वही स्वतःकडे ओढली. "एकेक खोडतो. चालेल?"

लडविक बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "प्रत्येक खोडलेल्या नावाशेजारी आद्याक्षरं आणि आजची तारीख लागेल," ती हळू म्हणाली.

"लिहितो."

आणि तो लिहायला बसला. दोन जानेवारी, आर्डिथ, त्यावर एक आडवी रेघ, शेजारी आद्याक्षरं, तारीख. नऊ जानेवारी. सोळा जानेवारी. फेब्रुवारीतल्या त्या जिंकलेल्या दिवशी जरा थांबला, मग तिथंही रेघ मारली. मधूनमधून ओठ हलायचे. लडविक बाईची जेवणाची सुटी झाली, ती उठली नाही. मला वाटलं होतं मला रडू येईल, पण मला रागच आला. आर्डिथचा राग. एवढे सरळ रकाने आखून ठेवायची काय गरज होती म्हणते मी!

पावणेदोन तासांनी त्यानं वही परत दिली. बाईनं पानं उलटून मोजली. पुन्हा मोजली.

"दोनशे दहा आहेत. एक राहिलं. चौदा मे."

"राहिलं नाही," डेल्बर्ट म्हणाला. "ठेवलंय."

"त्या दिवशी पत्नी सोबत होती, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

मी कपाळाला हात लावला. सगळं जुळत आलेलं, आणि आता हा! पण लडविक बाई चिडली नाही. तिनं बोटानं ओळ धरली. "त्या दिवशी तुम्ही एकशे चाळीस डॉलर हरलात. ही नोंद मला मान्य करता येणार नाही. तेवढी एक कापावी लागेल. एकतीस डॉलर टॅक्स बसेल."

"कापा," तो म्हणाला, आणि पाकीट काढलं.

"इथं रोख घेत नाहीत, मिस्टर योकम. घरी पत्र येईल."

त्यानं पाकीट खिशात ठेवलं आणि हॅट घातली. फिरतं घर वाचलं होतं, पण त्याला त्याचं काही आहे असं दिसेना. गाडीत बसल्यावर मला राहवेना. "काय होतं रे चौदा मेला? लग्नाचा दिवस?"

"नाही. लग्न सप्टेंबरातलं."

"मग?"

"काही नाही. मंगळवार होता," डेल्बर्ट म्हणाला. "सगळी टेबलं भरली होती, दारात लोक ताटकळत होते. पण माझ्या डावीकडे दिवसभर कोणी बसलं नाही."