खुंटी भायखळ्यात राहिली

सज्जनहो, भक्ताच्या ओठी नाम वसते, तसा हौसेरावाच्या पायी एक गाळा वसला होता. साताऱ्याकडचा हा माथाडी बावीस वर्षे भायखळ्याच्या बाजारात टोमॅटोच्या पाट्या वाहत होता. डोईवर भार, मान वळेना. म्हणून वाट डोळ्यांना नव्हे, पावलांना पाठ. ट्रकपासून त्रेसष्ट पावले, डावे वळण, अय्युबशेठांचा गाळा.

शहाण्णव साली बाजार वाशीला आला. गाळा उजवीकडे गेला, पावले डावीकडेच राहिली. तिसऱ्यांदा शेठांचा माल दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या दारी उतरला, तेव्हा शेठांनी मुकादम बाबासोंना बोलावले.

"काढ याला टोळीतून. डोक्यावर नुसतं वजन. आत काय हाय की नाय?"

हौसेराव खाली मान घालून उभा. टोळी सुटली, की पन्नाशीच्या हमालाला दुसरी टोळी कोण देणार?

डॉक्टरकी शिकणारी शेठांची लेक इक्रा गाळ्यावरच बसली होती. ती म्हणाली, "आत आहे म्हणूनच चुकतात, अब्बा! मेंदूतल्या दोन पेशींमध्ये बारीक फट असते. एक पेशी रसायन सोडते, दुसरी ते झेलते. जितक्यांदा झेलते, तितकी जोडी घट्ट. हौसेकाकांची बावीस वर्षांची जोडी आहे. नवी वाट चालूनच बसेल."

धन्य ती पोर! अहो, नाम तरी मुखी बसते ते याहून वेगळे कसे?

शेठ मात्र हसले. "टेन्शन नको देऊ. माझा मेंदू बघ, एका दिवसात वाशीला आला!" असे म्हणत त्यांनी टोपी काढली आणि दाराशेजारच्या खुंटीवर टांगली.

तिथे खुंटी नव्हती. टोपी टोमॅटोंत पडली.

हौसेरावाने ती उचलली, झटकली, पुढे केली. "घ्या, शेठ. रोज मीच उचलतोय, बोललो नव्हतो."

बाबासोंनी मिशीवरून हात फिरवला. "मग शेठ, दोघांनाबी काढू का?"

दुपारपर्यंत भिंतीत नेमक्या त्या जागी खुंटी आली. पाहा लीला! मालकाची सवय सुटेना, तर भिंतीने जागा दिली. हमालाची सुटेना, तर हमालानेच जागा सोडायची!

तरी महिन्याची मुदत मिळाली. काम सरल्यावर हौसेराव रिकामी पाटी डोईवर घेई, नव्या वाटेची एक्केचाळीस पावले मोजी, उजवीकडे वळे. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, जणू माळेचे मणी.

तेविसाव्या दिवशी भरली पाटी न चुकता उजवीकडे वळली. शेठ उठले, आणि पाटीला हात लावून त्यांनी ती स्वतः उतरवून घेतली.