भर दुपारची चाचणी

हमीदचाचांची आणि माझी खरी ओळख आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या घराच्या अंगणात झाली. डिप्लोमा झाल्यावर मी अमरावतीला त्यांच्या रेडिएटरच्या गॅरेजात काम मागून आले होते. घरी सांगायचा धीर होत नव्हता. चाचांनी ते ओळखलं असावं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. माझे बाबा हमाली करतात. घरात शिकलेली मीच पहिली. बाबांनी विचारलं, "पोरगी गॅरेजात काय करन, चाचा?"

"पोट्टे करतात तेच," चाचा म्हणाले. "फक्त नीट करन."

चाचांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत असताना गौरव समितीनं मला गौरव अंकासाठी त्यांच्या कामाविषयी लिहायला सांगितलं. "तुझ्या चुकीचं तेवढं वगळ, शोभत नाही," अशी सूचनाही आली. क्षमा असावी. ती वगळली तर चाचांविषयी माझ्याकडे खरं सांगण्यासारखं काही उरत नाही.

वरूडचे संत्रा बागायतदार प्रभाकरराव यांनी एका जुन्या बसचं फिरतं घर करून घेतलं होतं. आत पलंग, ओटा, आणि त्यांच्या पत्नी सुलभाकाकूंची चाकांची खुर्ची चढेल असा उतार. इंजिन मात्र मागं. पुढच्या इंजिनाला धावत्या गाडीची हवा समोरून मिळते. मागच्याला ती बाजूच्या जाळीतून पंख्यानं ओढून घ्यावी लागते. गाडी सारखी तापायची. वऱ्हाडात असलं इंजिन टिकणार नाही, भंगारात काढा, असं त्यांना सगळीकडे सांगितलं गेलं. चाचा म्हणाले, "ऊन काई आपल्याले बदलता येत नाई. हवेची वाट बदलू." आणि काम माझ्याकडे दिलं.

मी तीनतीनदा हिशेब करून मोठा रेडिएटर बसवला. चाचांच्या गॅरेजचा नियम आहे: ज्यानं काम केलं त्यानं गाडीत बसायचं आणि चाचणी भर दुपारी घ्यायची. त्या दिवशी चाचा अकोल्याला लग्नाला गेले होते. तापमानाचा काटा चढेल या भीतीनं मी चाचणी सकाळच्या गारव्यात उरकली आणि गाडी देऊन टाकली. चारच दिवसांत मूर्तिजापूरच्या अलीकडे, ऐन उन्हात ती उकळून बंद पडली. काकूंना दोन तास रस्त्याकडेला बसून राहावं लागलं.

प्रभाकरराव गॅरेजात आले ते संतापूनच. "चाचा, आता या पोरीले माह्या गाडीले हात लावू देऊ नका."

"मंग गाडी घेऊन जा, भाऊ," चाचा शांतपणे म्हणाले. "हात लावन तर हे पोरगीच लावन."

मी सकाळच्या चाचणीचं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. म्हटलं, "दुसऱ्या कोणाले द्या, चाचा."

"काहून? चूक तुही हाये, तर तुलेच सापडन."

प्रभाकरराव गाडी ठेवून गेले. चाचांनी एका काठीला कापसाचा पुंजका बांधला, इंजिन सुरू केलं आणि काठी माझ्या हाती दिली. जाळीच्या मधोमध पुंजका आत ओढला जात होता. कडेला नेला तर उलटा, बाहेर उडाला. गरम हवा माझ्या तोंडावर आली. मी बसवलेल्या रेडिएटरभोवती बोटभर फट राहिली होती. इंजिनाची तापलेली हवा तिथून बाहेर येऊन पुन्हा जाळीतून आत जात होती. मी पत्रा कापला, रबराच्या पट्ट्या लावून फट बुजवली आणि गरम हवेला मागं, खालच्या अंगानं मोकळी वाट करून दिली. चाचा स्टुलावर बसून होते. त्यांनी माझ्या हातातलं एकही अवजार घेतलं नाही.

मग मे महिन्यातल्या दुपारी एक वाजता आम्ही चिखलदऱ्याचा घाट चढलो. चाचाही बरोबर होते. माझी नजर काट्यावरून हलत नव्हती. काकू म्हणाल्या, "अवो बाई, तो काटा कुठं पळून नाई चालला. बाहेर पाह्य जरा!" काटा अर्ध्यावरच राहिला, पार वरपर्यंत. प्रभाकररावांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे न पाहता चाचांना म्हणाले, "पुढच्या सर्व्हिसिंगलेही इलेच सांगा."

चाचांनी आता विश्रांती घ्यावी असं पुष्कळांनी या अंकात लिहिलं असेल. मी लिहिणार नाही. त्यांना उदंड आयुष्य मिळो, गुडघ्यांनी साथ द्यावी आणि ते स्टूल रोज सकाळी भरलेलं असावं.

उन्हामुळे समारंभ संध्याकाळी ठेवला आहे, असं कळलं. समितीचा मान राखून सांगते: चाचा, तुम्हाला न्यायला प्रभाकररावांकडून तीच गाडी घेऊन मी दुपारी एक वाजता येणार आहे.