दहा मिनिटांचा फरारी

“मॅडम, तुमचा माणूस पळाला.”

फोनवर पगारे साहेब होते, कारागृह खात्याचे अधिकारी. मी सातपूरच्या वर्कशॉपमध्ये नुकताच डबा उघडला होता.

“माणूस तुमचा आहे साहेब,” मी म्हटलं. “माझा फक्त पट्टा.”

पट्टा म्हणजे रजेवर सोडलेल्या कैद्याच्या पायाला बांधायचं जीपीएस यंत्र. तो कुठे आहे, ते नियंत्रण कक्षातल्या स्क्रीनवर ठिपक्याने दिसतं. असे पट्टे पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी राज्य सरकार नियम करत होतं. मसुदा तयार होता आणि त्यानुसार चाचणी चालू होती. नाशिकची चाचणी मी मिळवली होती. स्पर्धक सगळे मुंबईचे, काचेच्या ऑफिसवाले. मी आयटीआय करून टेम्पोंना ट्रॅकर बसवत इथवर आलेली.

‘पळालेला’ माणूस सोमनाथ. आईच्या ऑपरेशनसाठी त्याला रजा मिळाली होती. भाऊ आईजवळ दवाखान्यात, म्हणून पिंपळगाव बसवंतला भावाच्या जागी हा कामावर जायचा. त्याची रीतसर परवानगी होती. पण मसुद्यात लिहिलं होतं: दहा मिनिटं सिग्नल नसेल, तर कैदी फरार समजावा. सोमनाथचा ठिपका चाळीस मिनिटं गायब होता.

“मी गाडी घेऊन निघालोय,” साहेब म्हणाले. “सापडला की सरळ आत. रजा रद्द, पुढच्याही बंद.”

“आणि तो कामावरच असला तर?”

“मग तुमचा पट्टा खराब. तो आत नाही गेला, तर तुम्ही कंपन्यांच्या यादीतून बाहेर.”

माझं डोकं फिरलं. डबा तसाच टाकून मी गाडी काढली. शेवटचा ठिपका हायवेलगतच्या एका कोल्ड स्टोअरच्या दारात होता. ते स्टोअर मला पाठ होतं. तिथे द्राक्षं भरायला येणारे निम्मे टेम्पो माझ्याच ट्रॅकरवर चालतात.

मी पोचले तेव्हा साहेब आणि एक हवालदार माल चढवायच्या डॉकवर उभे होते. समोर सोमनाथ, अंगात जाड जॅकेट, हातमोजे, मिशीवर दव. चेहरा पांढराफटक.

“ताई, मी कुठं पळू? आईला उद्या टेबलावर घेणार हायेत. आत शिरलं की दार लावावंच लागतं, नाय तर गारवा जातो. मालक लय बोलतो.”

मी खाली बसून पट्टा तपासला. पट्ट्याच्या आतून एक बारीक तार जाते. पट्टा कापला किंवा ओढला की ती तुटते आणि नोंद होते. तार शाबूत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कोल्ड स्टोअरच्या भिंती म्हणजे दोन पत्रे आणि मध्ये फोम. त्यातून सिग्नल बाहेर येत नाही. इतकी वर्षं मला हे कळलं कसं नाही? कारण टेम्पो कधी आत जातच नाही. तो डॉकवर उभा राहतो, आत माणूस जातो.

बोलण्यात वेळ न घालवता मी गाडीतला जादा पट्टा स्वतःच्या पायाला बांधला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. अंगात सुती ड्रेस. दात वाजवत दहा मिनिटं काढली आणि बाहेर आले. साहेब मोबाइलवर नियंत्रण कक्षाचे ठिपके बघत होते.

“अभिनंदन मॅडम. तुम्ही फरार झालात.”

हवालदार तोंड फिरवून हसला.

“पटलं ना? मग सोडा त्याला,” मी म्हटलं. “आणि ही दहा मिनिटं कोणत्या शहाण्याने लिहिली?”

पगारे साहेबांनी शांतपणे बॅगेतून मसुदा समितीच्या बैठकीचा कागद काढला. त्यावर दहा मिनिटांसमोर माझं नाव होतं. मुंबईवाले अर्धा तास म्हणाले होते. मी टेबलावर हात आपटून म्हणाले होते, “आम्ही दहा मिनिटांत सांगतो!” टेम्पोवाला डिझेल विकायला थांबला, तर दहा मिनिटांत कळायला हवं, म्हणून ठेवलेला तो आकडा होता. तोच मी माणसांना लावला होता.

“हा आकडा चुकीचा आहे, असं लेखी द्या,” साहेब म्हणाले. “तरच मी याला इथे सोडून जाऊ शकतो. पण ते तुमच्या परवान्याच्या फाइलला लागेल.”

सोमनाथ माझ्याकडे बघत होता.

“देते. पण एका चुकीच्या बदल्यात दोन कलमं घेईन.”

“हा काय बाजार आहे?”

“पिंपळगावात, द्राक्षांच्या बाजारातच उभे आहात साहेब. एक, पट्टा बांधण्याआधी कंपनीने कैद्याचं घर आणि कामाची जागा पाहायची. दोन, तार शाबूत असेल तर आधी फोन, मग गाडी.”

“पहिलं घेतो. दुसरं बघू.”

“दोन्ही. नाही तर पेन खिशात.”

त्यांनी सोमनाथकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “लिहा.”

द्राक्षांच्या खोक्यावर कागद ठेवून मी लिहून दिलं. सोमनाथ दुसऱ्या दिवशी आईजवळ होता. रजा संपली त्या सकाळी तो स्वतःहून तुरुंगाच्या दारात हजर झाला.

नियम आले. दोन्ही कलमं जशीच्या तशी, कुठे माझं नाव नाही. परवान्याच्या छाननीत माझी लेखी चूक पहिल्या पानावर. नाशिकचं काम मुंबईवाल्यांना मिळालं. आता त्यांची माणसं पट्टा बांधण्याआधी कोल्ड स्टोअर बघायला जातात. माझ्या कलमाने. अजून डोकं तापतं.

एवढंच शिकले: बढाई मारायचीच असेल तर गिऱ्हाइकासमोर मारावी. ते विसरतं. सरकार तिचा नियम करतं.