टेक्सासचे दोन पावसाळे

प्लेनोहून निघालो तेव्हा आकाश इतकं स्वच्छ होतं की छत्री मी मुद्दाम घरी ठेवली. ऑक्टोबर संपत आला होता. विदर्भात या दिवसांत पाऊस परत गेलेला असतो, आणि पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढल्यावर पावसाबद्दल मला कुणी काही सांगावं असं वाटत नाही.

"मावशी, इथे वेगळं असतं," गाडी चालवताना मृण्मयी म्हणाली. "स्प्रिंगमध्ये एकदा रेनफॉल वाढतो, मग फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, परत. मधला उन्हाळा कोरडा."

मृण्मयी माझ्या बहिणीची मुलगी. या दोन पावसांवरच तिची पीएच.डी. चालू आहे. दक्षिणेकडे चार तासांवर एका रँचवर (गुरांचं मोठं कुरण) तिने मार्चमध्ये ओढ्याकाठी पाऊस नोंदणारं यंत्र बसवलं होतं. सगळ्या नोंदी त्याच्या पोटातच होत्या. संध्याकाळी वादळाचा इशारा असल्याने त्याआधी ते काढून आणायचं होतं.

काचेच्या इमारती मागे पडल्या. पिवळं गवत, ओकची बुटकी झाडं आणि चुनखडीचे पांढरे उतार सुरू झाले. वाटेत एका बेकरीत कोलाची (मुरंबा भरलेला मऊ पाव) खाल्ली. जर्दाळूची होती, मी दोन संपवल्या. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "वरच्या डोंगरांत सकाळी खूप पाऊस झालाय. जपून जा."

रँचच्या अलीकडे ओढ्यावर बुटका, बिनकठड्याचा फरशी पूल होता. डोक्यावर ऊन, आणि पुलावरून वीतभरही नसेल इतकं पाणी वाहत होतं.

"चारच इंच आहे. स्लो ड्राइव्ह करते," मृण्मयी म्हणाली.

मी पाण्याकडे पाहिलं. गढूळ होतं, आणि त्यातून नुकत्याच मोडलेल्या हिरव्या फांद्या येत होत्या.

"गाडी मागे घे."

"मावशी, माझं सात महिन्यांचं काम पलीकडे आहे."

"माहीत आहे मला. मागे घे."

आमच्या खात्याची एक जीप अशाच पुलावरून गेली होती. ड्रायव्हर झाडाला धरून वाचला, जीप तिसऱ्या दिवशी सापडली. हे तिला सांगायला वेळ नव्हता. तिने गाडी चढावर मागे नेली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

पंधरा मिनिटांत ट्रक यावा तसा आवाज झाला. पूल दिसेनासा झाला. मुळांसकट उपटलेला एक ओक आमच्या डोळ्यांसमोरून वाहत गेला. मृण्मयी स्टीअरिंगवर डोकं टेकून रडू लागली. माझं बरोबर ठरलं होतं, पण त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

तेवढ्यात रँचचे मालक रॉय पिकअप घेऊन आले. सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांचं घर ओढ्याच्या अलीकडेच होतं. त्यांनी आम्हाला राजमा आणि मक्याचा पाव वाढला. यंत्राचं ऐकून ते उठले आणि एक वही घेऊन आले. कुंपणाच्या खांबावर त्यांची काचेची नळी होती. रोज सकाळी तिच्यातलं पाणी मोजून वहीत लिहिलेलं होतं.

मृण्मयी बघतच राहिली. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस," रॉय म्हणाले.

तिने पानापानाचे फोटो काढले. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी ओढा उतरला तेव्हा यंत्राच्या जागी फक्त वाकलेला खांब उरला होता.

प्लेनोला परतल्यावर तिने आकडे भरायला घेतले. यंत्राइतका बारकावा त्यांत नव्हता, पण काम निभणार होतं. भरता भरता ती मे महिन्यात थांबली. नऊ दिवस कोरे होते. समासात लिहिलं होतं, 'शार्लीन दवाखान्यात.' पुढच्या नोंदी पुन्हा रोजच्या, पण अक्षर बदललेलं. आधीचं गोलसर अक्षर शार्लीनचं, म्हणजे रॉयच्या बायकोचं असणार. ते त्या वहीत पुन्हा कुठेच नव्हतं.

"जवळच्या वेदर स्टेशनचे आकडे घालता येतील," मृण्मयी म्हणाली. "की रिकामं ठेवू?"

वाहत्या पाण्याचं मला कळतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. या प्रश्नाला मात्र माझ्या नोकरीतलं काहीच उपयोगी नव्हतं.

"रिकामंच ठेव," मी म्हणाले.

तिच्या आलेखात आता पावसाचे दोन डोंगर आहेत. पहिला ऐन माथ्यावर तुटलेला आहे.