काळ्या म्हणजे शाबास

आमच्या गिरीज गावच्या मैदानावर आज एका पोराच्या मुरगळलेल्या पायावर स्प्रे मारला आणि त्या वासासरशी सॅम्युअल आठवला. नायजेरियाचा. आम्ही एकाच फुटबॉल क्लबचे पगारी खेळाडू, मी कॅप्टन. इथल्याच मॅचमध्ये माझे गाववाले त्याला "काळ्या! काळ्या!" ओरडत होते. त्यानं विचारलं, "मतलब क्या?" मला लाज वाटली. म्हटलं, "शाबास."

थोड्याच वेळात माझ्या पासवर त्यानं गोल केला आणि लोकांसमोर छाती ठोकत स्वतःच ओरडला, "काळ्या! काळ्या!" सगळे खदाखदा हसले. मग त्यानं मला अशी मिठी मारली की सुटताच येईना. "कॅप्टन, तू भी काळ्या!"

आता मी शिकवतो ती ही पोरं मला आदर्श मानतात. चांगल्या पासला त्यांना शाबास म्हणायला जातो, आणि नुसत्याच टाळ्या वाजवतो.